चर, चेंबर आणि चौदा स्विच : कॅम्पस नेटवर्क प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून २०२४

काल रात्री नऊच्या सुमारास पावसात मेसच्या इमारतीची वीज गेली. तिथल्या यूपीएसची बॅटरी केव्हाच दमली होती, त्यामुळे तिथला नेटवर्क स्विच, म्हणजे नेटच्या केबली एकमेकींना जोडणारा डबा, लगेच बंद पडला. त्याच्या पाठोपाठ मुलांचं वसतिगृह, मुलींचं वसतिगृह आणि जिमखाना, तिन्ही ठिकाणचं नेट गेलं. या तिन्ही इमारतींत वीज होती, त्यांचे स्विच चालू होते, तरी त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. परीक्षेचे फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. मुलं-मुली छत्र्या घेऊन मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर लॅपटॉप उघडून बसली होती. एका मुलीचा फॉर्म अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गेला.

बॅटरी आज बदलली, पण प्रश्न बॅटरीपुरता नाही. पोळ्या लाटायच्या इमारतीतला एक स्विच बंद पडल्यावर वसतिगृहं का बंद पडावीत? आणि असे आणखी किती स्विच या कॅम्पसवर आहेत? हे शोधून काढायचं म्हणून आजपासून ही वही सुरू करते आहे. मदतीला शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा.

२६ जून

जुना नकाशा कपाटात सापडला. इमारतींचे चौकोन, मधे रेघा, खाली कंत्राटदाराची सही. मुख्य इमारत, ग्रंथालय, संगणक विभाग आणि विद्युत विभाग यांची एक रिंग आहे. बाकी सगळं त्या रिंगला लोंबणाऱ्या फांद्यांसारखं.

असं का झालं ते समजण्यासारखं आहे. जेव्हा जेव्हा नवी इमारत झाली, तेव्हा तेव्हा जवळच्या इमारतीतून एक केबल ओढली. कमीत कमी केबलमध्ये सगळे जोडायचे, हा प्रश्न फार जुना आहे. ओटाकार बोरूव्का यांनी १९२६ साली मोराव्हियातल्या गावांना वीज पोचवण्याच्या निमित्ताने तो सोडवला. पुढे क्रुस्कल (१९५६) आणि प्रिम (१९५७) यांनी त्याच प्रश्नाच्या आपापल्या रीती दिल्या. उत्तर नेहमी एक वृक्ष येतं, म्हणजे ज्यात कुठेही फेरा नाही असा आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांचं चित्र). पण वृक्षाचा गुणच असा की त्यातली कुठलीही रेघ तोडा, त्याचे दोन तुकडे होतात. केबल वाचवली की पर्यायी वाट उरत नाही. आमच्या कॅम्पसने वीस वर्षं केबल वाचवली आहे.

शब्द ठरवून घेते, म्हणजे नोंदींत गोंधळ नको. स्विच हा नोड, दोन स्विचमधली केबल ही लिंक. जी लिंक तोडली की आलेख दुभंगतो ती ‘पूल’. जो नोड काढला की आलेख दुभंगतो तो ‘सांधा’; इंग्रजीत त्याला आर्टिक्युलेशन पॉइंट म्हणतात, पण सांधा शब्द आपल्या तोंडी आहे आणि अर्थही नेमका तोच. ज्या नोडला एकच लिंक आहे ते ‘पान’.

२ जुलै

नकाशावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. आमचे बहुतेक स्विच एलएलडीपी बोलतात, म्हणजे प्रत्येक जण शेजाऱ्याला आपलं नाव आणि पोर्ट (केबल खोचायची जागा) सांगत असतो. मुलाने एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. ती नोंदवहीतल्या प्रत्येक स्विचवर लॉगिन होते आणि त्याच्या शेजाऱ्यांची यादी आणते. १३ स्विच सापडले. सगळ्यांच्या शेजाऱ्यांची बेरीज आली २५.

इथे ऑयलर कामाला आला. १७३६ साली त्याने क्योनिग्जबर्गच्या सात पुलांवर जो निबंध लिहिला त्यातच ही गोष्ट आहे: प्रत्येक रेघेला दोन टोकं असतात, म्हणून सगळ्या बिंदूंच्या रेघा मोजल्या तर बेरीज समच यायला हवी. विषम आली म्हणजे कुणीतरी एका बाजूने बोलतंय आणि दुसऱ्या बाजूला ते ऐकू येत नाही.

दोन तास शोधल्यावर सापडलं. अतिथीगृहाच्या स्विचवर एलएलडीपी फक्त ऐकण्यासाठी चालू होतं, पाठवणं बंद. तो प्रशासन इमारतीला शेजारी म्हणतो, पण प्रशासनाला तो दिसतच नाही. चालू केल्यावर बेरीज २६ झाली, म्हणजे १३ लिंक.

५ जुलै

सम बेरीज म्हणजे सगळं बरोबर, असं मात्र नाही. जिमखाना यादीत नव्हताच. तिथे आठ पोर्टचा साधा डबा आहे. तो ना स्वतःचं नाव सांगतो, ना त्यावर लॉगिन होता येतं. रेघेची दोन्ही टोकं एकदम गायब असली की बेरीज समच राहते.

मुलीच्या लक्षात आलं की मुलांच्या वसतिगृहाच्या स्विचच्या एका पोर्टवर सहा मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राची स्वतःची ओळख सांगणारे आकडे) दिसतात, पण शेजारी कुणीच नाही. एका पोर्टमागे सहा यंत्रं म्हणजे मधे काहीतरी आहे. चालत जाऊन पाहिलं. कॅरम बोर्डच्या वरच्या फळीवर, धुळीत. त्याच्या जागी स्टोअरमधला एक व्यवस्थित स्विच बसवला.

आता १४ नोड, १४ लिंक, बेरीज २८. हा आलेख मी मान्य करते. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको:

रिंग: मुख्य इमारत – ग्रंथालय – संगणक – विद्युत – परत मुख्य इमारत.
मुख्य इमारतीकडून प्रशासन. प्रशासनाकडून एकीकडे गेटची चौकी, दुसरीकडे अतिथीगृह.
विद्युत विभागाकडून यंत्र विभाग. तिथून वर्कशॉप आणि स्थापत्य विभाग.
ग्रंथालयाकडून मेस, तिथून दोन्ही वसतिगृहं, मुलांच्या वसतिगृहाकडून जिमखाना.

११ जुलै

पूल शोधायची रीत आमच्या आलेखावर लावण्याआधी, ज्याचं उत्तर डोळ्यांनी दिसतं अशा आलेखावर लावून बघायची होती. १९६९ च्या डिसेंबरमधलं आर्पानेट घेतलं. चार नोड: लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांता बार्बरा आणि युटा. चार लिंक: पहिल्या तिघांचा त्रिकोण आणि स्टॅनफर्डकडून युटाला एक.

पुढे सगळं जग जोडणाऱ्या जाळ्याच्या या पहिल्या चित्रात एक पूल आहे आणि एक सांधा. स्टॅनफर्ड–युटा लिंक तुटली की युटा एकटं पडतं. स्टॅनफर्डचं यंत्र बंद पडलं तरीही तेच. हे चित्र विद्यार्थ्यांना दाखवलं तेव्हा मुलगा म्हणाला, “मॅडम, हा तर आपला जिमखाना.” अगदी बरोबर.

रीत संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांची, १९७० च्या दशकातली. मला ती फार आवडते, म्हणून जरा सविस्तर. एका नोडपासून निघायचं आणि जमेल तितकं खोल जात राहायचं. वाट संपली की मागे येऊन दुसरी वाट धरायची. ज्या क्रमाने नोड भेटले तो क्रमांक प्रत्येकावर लिहायचा. सोबत दुसरा आकडा लिहायचा: या नोडपासून आणि त्याच्या खालच्या सगळ्या शाखेपासून, आलो ती लिंक सोडून, कुठल्या सर्वात आधीच्या क्रमांकापर्यंत पोचता येतं.

मुख्य इमारतीपासून निघालो असं धरा. मुख्य १, ग्रंथालय २, संगणक ३, विद्युत ४. विद्युतला मागची एक वाट आहे, ती थेट १ ला पोचते. म्हणून ४, ३ आणि २ या तिघांचाही दुसरा आकडा १ होतो. रिंगमधला कुणीही एकाच लिंकवर अवलंबून नाही. आता ग्रंथालयाकडून मेसला उतरा. मेस, दोन्ही वसतिगृहं, जिमखाना, सगळीकडे फिरून आलं तरी वर जायची दुसरी वाट सापडत नाही. मेसचा दुसरा आकडा मेसच्या स्वतःच्या क्रमांकाएवढाच राहतो आणि तो ग्रंथालयाच्या क्रमांकापेक्षा मोठा आहे. म्हणजे ग्रंथालय–मेस हा पूल. एका फेरीत सगळे पूल आणि सगळे सांधे हाती लागतात. प्रत्येक लिंक तोडून तोडून बघायची गरज नाही.

१२ जुलै

निकाल. १४ लिंकपैकी १० पूल. १४ स्विचपैकी ७ सांधे: मुख्य इमारत, प्रशासन, विद्युत, यंत्र, ग्रंथालय, मेस आणि मुलांचं वसतिगृह.

निम्मे स्विच असे आहेत की त्यातला एक गेला तर स्वतःबरोबर दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जातो. मेसची ती रात्र म्हणजे अपघात नव्हता. कॅम्पस तसाच बांधलेला आहे. संध्याकाळी हा कागद प्राचार्यांना दाखवला. त्यांनी दोन वेळा वाचला आणि विचारलं, “किती केबली टाकल्या म्हणजे हे शून्य होईल?”

२२ जुलै

या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे, आणि ते एका ओळीत मावतं. ईश्वरन आणि टार्जन यांनी १९७६ साली ते सिद्ध केलं. ज्या ज्या भागात आत पूल नाहीत तो भाग एकाच बिंदूसारखा धरायचा. उरतो तो फक्त पुलांचा वृक्ष. त्याची पानं मोजायची. पानांच्या निम्म्या लिंक लागतात. पानं विषम असतील तर वरच्या पूर्णांकाएवढ्या. कमी चालणारच नाहीत, कारण प्रत्येक पानाला निदान एक नवी लिंक हवी आणि एक लिंक फार तर दोन पानांना पुरते.

आमची पानं सहा: गेट, अतिथीगृह, वर्कशॉप, स्थापत्य, जिमखाना, मुलींचं वसतिगृह. म्हणजे तीन केबली.

आज मुलाने मोजपट्टीचं चाक घेऊन भर उन्हात अंतरं मोजली आणि उत्साहाने यादी आणली: गेट–अतिथीगृह १५० मीटर, वर्कशॉप–स्थापत्य ९०, जिमखाना–मुलींचं वसतिगृह १२०. एकूण ३६० मीटर. शेजारच्या पानाला शेजारचं पान जोडलं. स्वस्त आणि सोपं. पण स्क्रिप्ट चालवली तर तीन पूल तसेच उभे: मुख्य–प्रशासन, विद्युत–यंत्र, ग्रंथालय–मेस. साहजिक आहे. एकाच फांदीवरची दोन पानं एकमेकांना बांधली तर फांदी खोडापासून तुटायची थोडीच राहते? आणि ग्रंथालय–मेस म्हणजे तर जिथून या वहीची सुरुवात झाली तीच लिंक.

सहा पानांच्या तीन जोड्या एकूण १५ प्रकारे लावता येतात. आपल्या तीन फांद्या आहेत, प्रत्येकीवर दोन पानं. एकाच फांदीतली जोडी कुठेही येऊ द्यायची नाही असं म्हटलं की १५ पैकी ८ उरतात. या आठही रचनांत सगळे दहा पूल नाहीसे होतात. विद्यार्थ्यांनी हे आधी वहीवर हाताने केलं आणि मग यंत्रावर ताडून पाहिलं. मला त्याचा खूप आनंद झाला.

२६ जुलै

आठही रचनांची लांबी मोजली. सर्वात कमी ९१० मीटर:

गेट – स्थापत्य ३८०, वर्कशॉप – जिमखाना २९०, मुलींचं वसतिगृह – अतिथीगृह २४०.

सर्वात लांब रचना १३४० मीटरची होती. आमच्याकडे आठच पर्याय असल्याने सगळे मोजून बघता आले. पानं वाढली आणि प्रत्येक लिंकचा खर्च वेगळा असला तर सर्वात स्वस्त रचना शोधणं फार अवघड होत जातं. त्यासाठी झटपट आणि अचूक अशी रीत कुणालाच माहीत नाही.

एक गोष्ट मागितली नसताना मिळाली. या तीन केबलींनंतर पूल तर शून्य होतातच, सांधेही शून्य होतात. मेस बंद पडली तर मुलींचं वसतिगृह अतिथीगृहामार्गे पोचतं आणि मुलांचं वसतिगृह जिमखाना–वर्कशॉपमार्गे. सर्वात दूरच्या दोन स्विचमधलं अंतर, जिमखाना ते वर्कशॉप, आज सात लिंकचं आहे. तिथे आता थेट केबल येईल आणि सगळ्या आलेखाचा व्यास, म्हणजे कुठल्याही दोन स्विचमधलं सर्वात मोठं अंतर, सातावरून पाचावर येईल.

६ ऑगस्ट

बैठक. लेखापाल मॅडमनी विचारलं, ३६० मीटरचं काम होत असताना ९१० का? मी फळ्यावर आलेख काढला आणि खडूने एक एक रेघ पुसून दाखवली. ग्रंथालय–मेस पुसल्यावर फळ्यावर दोन तुकडे दिसले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे साडेतीनशे मीटर खोदूनही मुलींचं वसतिगृह बंदच.” मंजूर. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत खोदाई.

२१ ऑगस्ट

आज सगळा आलेख पुन्हा पहिल्यापासून काढावा लागला, आणि त्याचं कारण आमचे वायरमन काका.

ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. कॅम्पसमध्ये पहिली केबल पडली तेव्हापासून इथे आहेत. नव्या केबलींचे मार्ग ठरवायचे म्हणून त्यांना सोबत घेऊन फिरत होते. मुख्य इमारतीच्या मागे कडुलिंबाखाली एक चेंबर आहे. झाकणावर गवत आलेलं. काका तिथे थांबले आणि म्हणाले, “मॅडम, ग्रंथालयाची आणि विद्युतची, दोन्ही फायबर इथूनच जातात. सर्व्हर रूमपासून इथवर एकाच पाइपात आहेत. त्या वर्षी खडक लागला होता, दुसरा चर कोण खोदणार?”

मी झाकण उघडायला लावलं. आत एकाच काळ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपातून दोन केबली येतात आणि चेंबरमधून दोन दिशांना फुटतात. आमची रिंग, जिच्या भरवशावर मी अकरा जुलैला ‘रिंगमधला कुणीही एकाच लिंकवर अवलंबून नाही’ असं छातीठोकपणे समजावलं होतं, ती मुख्य इमारतीतल्या सर्व्हर रूमच्या दारात रिंग नाहीच. एका जेसीबीचा एक घाव आणि मुख्य इमारत, प्रशासनाची फांदी सोडली तर, बाकीच्या सगळ्या कॅम्पसपासून तुटेल. स्विचना हे कधीच कळणार नाही. एलएलडीपी दोन लिंक सांगतं आणि ते खरंच सांगतं. पण कुदळ लिंकवर पडत नाही, चरावर पडते.

२२ ऑगस्ट

रात्रभर ते चेंबर डोळ्यांसमोर होतं. ३० जानेवारी २००८ आठवलं. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या समुद्रात सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली एकाच दिवशी तुटल्या. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. मालक वेगळे, केबली वेगळ्या, कागदावर एकमेकींना पर्याय. पण युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक केबलींना भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांच्या मधली तीच इजिप्तची वाट धरावी लागते. भारतातलं इंटरनेट कितीतरी दिवस मंद होतं. आमच्या कडुलिंबाखाली त्याच गोष्टीची छोटी आवृत्ती आहे.

मोठ्या दूरसंचार कंपन्यांत यासाठी रीतसर शब्द आहे: ज्या लिंक एकाच घावात जाऊ शकतात, त्यांचा ‘समान धोक्याचा गट’ नोंदवून ठेवतात. आम्ही सोपं केलं. दुसरा आलेख काढला. त्यात चेंबर हेही नोड, आणि रेघ म्हणजे केबल नव्हे तर चर. मुख्य–ग्रंथालय आणि मुख्य–विद्युत या दोन रेघा पुसल्या, कडुलिंबाचं चेंबर टाकलं, आणि त्याच्यापासून मुख्य, ग्रंथालय व विद्युत अशा तीन रेघा. १५ नोड, १५ रेघा, ११ पूल.

पानं मात्र तीच सहा. स्क्रिप्टला नवा आलेख आणि जुनी तीन केबलींची योजना दिली. पूल शून्य. मुख्य इमारतीपासून प्रशासन, तिथून गेट, गेटवरून स्थापत्य, अशी वाट कडुलिंबाला न शिवता पलीकडे पोचते. योजना टिकली. पण हे आम्हाला आज कळलं. सहा ऑगस्टला मी फळ्यावर जे दाखवलं त्यात हे नव्हतं, आणि योजना टिकली नसती तर तेही बैठकीत कळलं नसतं.

काकांबरोबर पुढचे आठ दिवस रोज सकाळी फिरायचं ठरवलं. त्यांच्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर यायला हवं.

३ सप्टेंबर

चरांचा नकाशा झाला. एकूण नऊ चेंबर. त्यातली दोन माती खाली गेलेली होती, काकांनी पहारीने ठोकून आवाजावरून शोधली. प्रत्येक झाकणावर रंगाने आकडा टाकला. ग्रंथालय–मेस चराबद्दल काका म्हणाले, काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात, पाइप ओढला जातो, दोन वेळा तिथेच फायबर तुटलं होतं. हे कुठल्याच आलेखात येत नाही. नकाशावर त्या रेघेला लाल रंग दिला.

गणपतीनंतर निविदा.

१८ ऑक्टोबर

कंत्राटदाराशी आज बराच वाद झाला. मुलींचं वसतिगृह ते अतिथीगृह या केबलसाठी त्याने सुचवलं की वसतिगृहाकडून मेसपर्यंत आणि मेसकडून ग्रंथालयापर्यंत जुन्या पाइपात जागा आहे. त्यातून केबल ओढू आणि फक्त पुढचा भाग खोदू. खोदाई निम्म्याने कमी. केबलपेक्षा खोदाईच महाग पडते, त्यामुळे त्याचं म्हणणं पैशाच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं.

मी चरांचा आलेख उघडून दाखवला. केबल नवी, पण चर जुनाच. स्विचना दोन लिंक दिसतील आणि काळ्या मातीतल्या त्या लाल रेघेवर घाव पडला की दोन्ही एकदम जातील. सगळा खर्च पाण्यात. नाही म्हणून सांगितलं, आणि करारात एक ओळ घालून घेतली: नवीन केबल कुठेही जुन्या पाइपातून किंवा जुन्या चेंबरमधून जाणार नाही, जुना चर ओलांडायचा तर काटकोनात ओलांडायचा. काका शेजारी उभे होते. “हे तेव्हा सांगायला कुणी नव्हतं,” एवढंच म्हणाले.

५ नोव्हेंबर

खोदाई पूर्ण. गेट–स्थापत्य कुंपणाच्या कडेने, तीन फूट खोल. वर्कशॉप–जिमखाना मैदानाच्या कडेने. मुलींच्या वसतिगृहाची केबल रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या बाजूने वेगळ्या लोखंडी पाइपातून. पाइपाच्या वर एक फूट अंतरावर पिवळी सूचनापट्टी पुरली, म्हणजे खोदणाऱ्याला आधी पट्टी लागेल.

८ नोव्हेंबर

केबली जोडण्याआधी एक धोका नीट समजून घ्यायला हवा होता. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलींतून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते. जाळ्यात फेरा असला तर एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली) फ्रेम फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळं जाळं ठप्प होतं. आणि आम्ही तर मुद्दाम फेरे तयार करतोय.

याचं उत्तर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना दिलं: केबली फेऱ्याच्या राहू देत, स्विचनी आपापसात बोलून त्यातून एक वृक्ष निवडावा, उरलेल्या लिंक झोपवून ठेवाव्यात, आणि एखादी लिंक तुटली की झोपलेलीला उठवावं. म्हणजे जोडणी जाळ्याची आणि वाहतूक वृक्षाची. बोरूव्काचा वृक्ष इथे पुन्हा भेटतो, पण आता त्याच्या मागे राखीव वाटा आहेत.

या वृक्षाचं मूळ कोण, हे स्विच स्वतः ठरवतात: ज्याचा प्राधान्याचा आकडा लहान तो, आकडे सारखे असतील तर ज्याचा मॅक पत्ता लहान तो. आमच्या सगळ्यांचे आकडे कारखान्यातून आले तसेच, ३२७६८. सर्वात लहान मॅक पत्ता सर्वात जुन्या स्विचचा. तो कुठे होता? गेटच्या चौकीत. इतके दिवस त्याने फरक पडला नव्हता, कारण वाट एकच होती. नवी केबल जोडली असती तर मात्र यंत्र विभागाला मुळाकडे जाणारी जवळची वाट स्थापत्यवरून गेटकडे मिळाली असती. मग यंत्र विभागाची आणि वर्कशॉपची मुख्य इमारतीकडची सगळी वाहतूक चौकीतल्या त्या जुन्या स्विचमधून वळसा घालून गेली असती. मुख्य इमारतीच्या स्विचला ४०९६ दिला, ग्रंथालयाला ८१९२, म्हणजे मुख्य गेला तर मूळ ग्रंथालयाकडे जाईल.

९ नोव्हेंबर

तिन्ही केबली जोडल्या. मोजायची गोष्ट सोपी आहे: १४ नोडच्या वृक्षात १३ लिंक असतात. आता एकूण लिंक १७. म्हणजे नेमक्या ४ झोपलेल्या दिसायला हव्यात. दिसल्या ३.

एक कमी म्हणजे एक लिंक मुळात उठलेलीच नाही. नेट सगळीकडे चालू होतं. हा आकडा मोजला नसता तर वर्षभर कळलं नसतं. वर्कशॉप–जिमखाना निघाली; जिमखान्याच्या टोकाला पाठवायचा आणि घ्यायचा धागा उलट-सुलट झाला होता. पॅच कॉर्ड फिरवली. चार.

एक मर्यादा लिहून ठेवते. आलेखाचा व्यास पाच झाला असला तरी वाहतूक वृक्षावरूनच चालते, आणि वृक्षात काही जोड्यांचं अंतर अजून सात लिंकच आहे. सगळ्या वाटा वापरायच्या तर इमारतींमध्ये राउटिंग (प्रत्येक पाकिटाची वाट ठरवणं) आणावं लागेल. मग डायक्स्ट्राची सर्वात जवळच्या वाटेची रीत प्रत्येक इमारतीतून चालेल. ते काम वेगळं आणि मोठं आहे.

१ डिसेंबर

परीक्षांच्या आधीचा रविवार, सकाळी सहा वाजता चाचणी. १७ लिंक एकेक करून उपटल्या, १४ स्विच एकेक करून बंद केले. ३१ चाचण्या. दर वेळी बाकीच्या सगळ्या इमारतींतून पिंग, म्हणजे ‘पोचतंय का’ असं विचारणारे छोटे संदेश, चालू. बहुतेक वेळा एक-दोन पिंग वाया गेले, सर्वात जास्त सहा.

शेवटी बत्तिसावी चाचणी, कडुलिंबाची. मुख्य–ग्रंथालय आणि मुख्य–विद्युत एकाच वेळी उपटायच्या. एका रॅकसमोर मुलगी, माझ्या हातात दुसरी कॉर्ड. तीन मोजून दोघींनी ओढल्या. पाच पिंग वाया गेले आणि मग मुलींच्या वसतिगृहातून उत्तर यायला लागलं, अतिथीगृह आणि प्रशासनमार्गे. मुलीने टाळी वाजवली. काका दारात उभे होते. त्यांना स्क्रीन वळवून दाखवली.

१७ डिसेंबर

सकाळी लॉगमध्ये दिसलं की पहाटे चार बावीसला ग्रंथालय–मेस लिंक गेली. एकाही मुलाचा फोन नाही. जाऊन पाहिलं तर पाण्याच्या पाइपलाइनसाठी कुणीतरी रात्री खोदलं होतं, बरोबर लाल रेघेवर. ओटीडीआरने, म्हणजे फायबर कुठे तुटलं ते प्रकाश पाठवून मोजणाऱ्या यंत्राने, ग्रंथालयाकडून १३२ मीटर दाखवलं; खड्डा साधारण १२८ मीटरवर. पाइपात फायबर जरा सैल असतं, तेवढा फरक येतोच. दुपारपर्यंत स्प्लाइसिंग (तुटलेलं फायबर जोडणं) झालं. झोपलेल्या लिंक पुन्हा चार.

चरांच्या नकाशाच्या तीन प्रती लॅमिनेट केल्या: सर्व्हर रूम, काकांची खोली, गेटची चौकी. यापुढे खोदाईची परवानगी हवी असेल त्याला आधी चौकीत हा नकाशा बघावा लागेल. प्राचार्यांनी तसं परिपत्रक काढलं.

उरलेलं काम: बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन अजून एकच आहे आणि ती मुख्य इमारतीतच उतरते. दुसऱ्या लाइनसाठी दोन कंपन्यांचे दर आले आहेत. दोघांनाही आज पत्र पाठवलं: दराआधी तुमची केबल गावातून आमच्या गेटपर्यंत कुठल्या चरातून येते त्याचा नकाशा द्या.